करनिवास व व्यवसाय कर

व्यक्तीच्या उत्पन्नावर कर आकारण्याचा अधिकार कोणत्या शासनाचा, हे ठरविण्यासाठी तिच्या वास्तव्याला कायद्याने दिलेले स्थान म्हणजे करनिवास होय. राहण्याचे ठिकाण आणि कामाचे ठिकाण एकाच शासनाच्या हद्दीत असेल, तर ह्या संकल्पनेची फारशी गरज भासत नाही. ती दोन वेगळ्या हद्दींत पडली, म्हणजे मात्र मनुष्य जेथे झोपतो त्या शासनाने कर घ्यावा, की जेथे कमावितो त्या शासनाने, असा प्रश्न उभा राहतो. दोघांनीही घेतला, तर दुहेरी कर होतो. कोणीच घेतला नाही, तर करचुकवेगिरीला वाट मिळते. करनिवासाचे नियम ह्या दोन टोकांमधून वाट काढण्यासाठी झालेले आहेत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुतेक घटक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर घेतात. त्यामुळे तेथे हा प्रश्न सामान्य नोकरदाराच्या रोजच्या जीवनातला आहे. न्यू जर्सीतील एडिसन येथे राहून न्यूयॉर्क शहरात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला दरवर्षी दोन राज्यांकडे विवरणपत्रे भरावी लागतात. न्यूयॉर्क राज्य आपल्या हद्दीत केलेल्या कामाच्या पगारावर अनिवासी म्हणून कर घेते आणि न्यू जर्सी निवासी म्हणून सर्व उत्पन्नावर कर आकारून, न्यूयॉर्कला दिलेल्या कराची ठराविक मर्यादेपर्यंत वजावट देते. न्यू जर्सी व पेन्सिल्व्हेनिया ह्यांच्यात मात्र परस्पर करार असून तेथे पगारावर केवळ निवासाचे राज्य कर घेते. ह्याउलट टेक्सस किंवा फ्लॉरिडा ह्यांसारखी काही राज्ये पगारावर प्राप्तिकरच घेत नाहीत. म्हणून आपले खरे घर तेथेच आहे, असे सिद्ध करण्याचा खटाटोप श्रीमंत लोक करतात. न्यूयॉर्कच्या कायद्यात त्यासाठी दिवस मोजण्याची कसोटी आहे. राज्यात कायमस्वरूपी बिऱ्हाड असून वर्षातले १८३ पेक्षा अधिक दिवस तेथे काढले, तर मूळ घर अन्यत्र असूनही ती व्यक्ती निवासी ठरू शकते.

भारतात असे राज्यवार करनिवासाचे प्रकरण नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ८२ व्या नोंदीनुसार शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर हा केवळ संघशासनाचा विषय आहे. शेतीच्या उत्पन्नावरील कर राज्यसूचीच्या ४६ व्या नोंदीने राज्यांकडे ठेवलेला आहे. त्यामुळे १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने करनिवास ठरविताना विचारलेला प्रश्न देशाच्या सीमेचा आहे, राज्याच्या सीमेचा नव्हे. वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलेली, अथवा त्या वर्षी किमान ६० दिवस व त्याआधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती ही सर्वसाधारणपणे निवासी होय. परदेशी नोकरीस जाणारे नागरिक व भेटीस येणारे अनिवासी भारतीय ह्यांना दुसऱ्या कसोटीत काही सवलत आहे. १ एप्रिल २०२६ पासून अंमलाच्या २०२५ च्या नव्या अधिनियमातही मूळ कल्पना हीच आहे. ठाण्याचा मनुष्य सुरतेस राहावयास गेला, तरी त्याच्या प्राप्तिकराच्या दरात एका पैशाचा फरक पडत नाही.

इतिहास : ही स्थिती पूर्वीपासून होती असे मात्र नाही. ब्रिटिश अमदानीत प्राप्तिकराची मर्यादा खालसा मुलुखापुरती होती आणि संस्थानांचे करविषयक कायदे स्वतंत्र असत. आजच्या महाराष्ट्राच्या नकाशावर ह्या सीमारेषा किती गुंतागुंतीच्या होत्या, ह्याची कल्पना आता सहसा येत नाही. कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थाने आणि सातारा, बेळगाव हे खालसा जिल्हे एकमेकांत शिरलेले होते. खुद्द ठाणे जिल्ह्याच्या कुशीत जव्हारचे संस्थान होते. व्यापाऱ्याचे दुकान संस्थानात, पेढी मुंबईत आणि घर तिसरीकडे, अशी उदाहरणे विपुल होती. १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमात निवासाच्या तपशीलवार कसोट्या १९३९ च्या दुरुस्तीने आल्या. ‘निवासी’ व ‘अनिवासी’ ह्यांखेरीज ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’ असा जो तिसरा वर्ग पुढील कायद्यांत टिकून राहिला, तो त्याच दुरुस्तीतला. पुढे संस्थानात उद्‍भवलेले उत्पन्न खालसा मुलुखात मिळाले किंवा आणले गेले नाही, तर त्यावर कर नाही, अशीही तरतूद झाली. म्हणजे एकाच मनुष्याचा पैसा संस्थानाची वेस ओलांडून आला की करपात्र ठरे आणि वेशीपलीकडे राहिला की सुटे. १९४९-५० मध्ये विलीन संस्थाने व संस्थानसंघ ह्यांना केंद्रीय प्राप्तिकर लागू झाला आणि देशांतर्गत करनिवासाचा हा अध्याय संपला.

काही अवशेष मात्र उरले. ईशान्येकडील विनिर्दिष्ट प्रदेशांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना त्या प्रदेशात उद्‍भवणाऱ्या उत्पन्नावर प्राप्तिकर माफ आहे. येथे वास्तव्य व उत्पन्नाचा उगम अशा दोन्ही कसोट्या लागतात. सिक्कीमच्या रहिवाशांना त्या राज्यातील उत्पन्नावर सूट देणारी तरतूद २००८ च्या वित्त अधिनियमाने आली आणि तिची व्याप्ती कोणापर्यंत, ह्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निकाल दिला. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पतिपत्नींची मालमत्ता समाईक मानली जात असल्याने त्यांचे इतर उत्पन्न दोघांत समान विभागून कर आकारतात. पगार मात्र ज्याने कमावला त्याच्याच नावे धरतात. ह्या सर्व तरतुदी विशिष्ट समाजांपुरत्या आहेत. राज्याराज्यांतून ये-जा करणाऱ्या सामान्य नोकरदाराशी त्यांचा संबंध येत नाही.

व्यवसाय कर : नोकरदाराच्या मिळकतीवर राज्यशासन जो एकमेव कर घेते, तो म्हणजे व्यवसाय कर. राज्यसूचीच्या ६० व्या नोंदीत व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या ह्यांवरील कर राज्यांकडे सोपविले आहेत. हा कर वस्तुतः उत्पन्नाच्या प्रमाणातच बसतो. तेव्हा तो प्राप्तिकराच्या क्षेत्रावर अतिक्रमण करतो, असा आक्षेप येणे साहजिक होते. त्यावर संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने तोडगा काढला. असा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्याच कारणाने अवैध ठरणार नाही. परंतु एका व्यक्तीकडून राज्याला, किंवा राज्यातील कोणत्याही एका स्थानिक संस्थेला, वर्षाकाठी ठराविक रकमेपेक्षा अधिक मिळता कामा नये. ही मर्यादा आरंभी २५० रु. होती. साठाव्या घटनादुरुस्तीने (१९८८) ती २,५०० रु. झाली व त्यानंतर बदललेली नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० रु. करावी असे सुचविले आणि पंधराव्या आयोगानेही वाढीची शिफारस केली. पण घटनादुरुस्ती झाली नाही. चलनवाढीने ह्या कराचा भार इतका हलका केला आहे, की दरमहा ५०,००० रु. मिळविणारा व ५ लाख रु. मिळविणारा हे दोघेही वर्षाला सारखेच २,५०० रु. देतात. करशास्त्राच्या दृष्टीने हे समर्थनीय नाही.

महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या ‘महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या ह्यांवरील कर अधिनियमा’ने, १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. त्यामागचा हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने आकारास आलेली रोजगार हमी योजना राज्याने १९७२ मध्ये स्वीकारली होती. मागेल त्याला काम द्यावयाचे, तर पैशाचा कायम झरा हवा होता. ग्रामीण भागातील अंगमेहनतीच्या कामाचा खर्च शहरातील पगारदार व व्यावसायिक वर्गाने अंशतः उचलावा, अशी योजना करण्यात आली आणि व्यवसाय कराचे उत्पन्न रोजगार हमी निधीत जमा करण्याची तरतूद झाली. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. व्यवसाय कराच्या जोडीला विक्रीकर, मोटारवाहन कर, बागायती जमिनी इत्यादींवरील अधिभार व तितकाच शासनाचा वाटा ह्यांतून हा निधी उभा राहिला. डोंबिवलीहून मुंबईच्या कचेरीत जाणाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयांमागे मुरबाड-शहापूरसारख्या तालुक्यांतील मजुराच्या कामाची हमी होती. वेतनपत्रकावर ‘व्य. क.’ ह्या दोन अक्षरांपुढे छापलेला आकडा पाहून हे कोणाच्या मनात येत असेल, असे वाटत नाही.

कराची रचना सोपी आहे. पगारदाराचा कर मालकाने पगारातून कापून शासनाकडे भरावयाचा असतो व त्यासाठी मालकाला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. वकील, डॉक्टर, दुकानदार, भागीदार इ. स्वतंत्र व्यावसायिक नावनोंदणी प्रमाणपत्र घेऊन स्वतः कर भरतात. १ एप्रिल २०२३ पासूनच्या दरांनुसार पुरुषांना दरमहा ७,५०० रु. पर्यंतच्या आणि स्त्रियांना २५,००० रु. पर्यंतच्या पगारावर कर नाही. ७,५०० ते १०,००० रु. पगार असलेल्या पुरुषाला दरमहा १७५ रु. व त्यापुढील पगाराला दरमहा २०० रु. आणि फेब्रुवारीत ३०० रु. द्यावे लागतात. अकरा महिने २०० व एक महिना ३०० अशी ही बेरीज नेमकी २,५०० रु. होते, फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले, ह्या दरवर्षीच्या प्रश्नाचे उत्तर संविधानातील मर्यादेत आहे. पासष्ट वर्षांवरील व्यक्ती, सैन्यदलांतील कर्मचारी, किमान ४० टक्के कायम अपंगत्व असलेल्या व्यक्ती इत्यादींना हा कर माफ आहे.

करनिवासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ह्या करात निवासाला स्थानच नाही. कर बसतो तो राज्यात व्यवसाय वा नोकरी करण्यावर. नोकरदार कोठे राहतो, त्याची शिधापत्रिका किंवा मतदारयादीतील नाव कोठे आहे, ह्यांचा विचार होत नाही. शासकीय मालकीच्या महामंडळांबाबत तर, मुख्यालय राज्याबाहेर असले तरी राज्यात काम चालत असेल तेथील कर्मचारी ह्या अधिनियमाखाली येतात, असे कायद्यातच म्हटले आहे. २,५०० रु. ची मर्यादा प्रत्येक राज्यापुरती असल्याने, वर्षाच्या मध्यावर मुंबईहून बंगळूरला बदली झालेल्या माणसाचा कर आधी महाराष्ट्रात व नंतर कर्नाटकात कापला जातो. सगळ्या राज्यांत हा कर आहेच असेही नाही; दिल्लीत तो नाही. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यास दिलेला व्यवसाय कर पगारातून वजा मिळतो. २०२० मध्ये आलेल्या व २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करपद्धतीत ती वजावट नाही.

सीमाभागातील स्थिती : राज्याची सीमा ओलांडून रोज कामाला जाणारे लोक महाराष्ट्राच्या कडेकडेने पुष्कळ आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याची उत्तर सीमा थेट गुजरातला भिडत होती. आता पालघर जिल्ह्यात असलेल्या घोलवड-बोर्डीकडून उंबरगाव, वापी येथील कारखान्यांत जाणारे कामगार आणि उलट दिशेने वलसाड, वापीहून गाडीने मुंबईला येणारे नोकरदार, असे दोन्ही प्रवाह ह्या पट्ट्यात आहेत. गुजरातमध्ये २०२२ पासून दरमहा १२,००० रु. पर्यंत कर नाही व त्यापुढे दरमहा २०० रु. आहे, म्हणजे वर्षाला २,४०० रु. वरवर पाहता दोन्ही राज्यांतला फरक शंभर रुपयांचा. तपशिलात शिरल्यावर तो मोठा होतो. दरमहा २०,००० रु. मिळविणारी घोलवडची स्त्री वापीत नोकरी करीत असेल, तर तिला वर्षाला २,४०० रु. कर पडतो, तीच बोईसरच्या कारखान्यात कामाला असेल, तर तिला काहीच द्यावे लागत नाही, कारण महाराष्ट्राने स्त्रियांना दिलेली सूट महाराष्ट्रातील नोकरीला आहे, महाराष्ट्रातील स्त्रीला नव्हे.

दक्षिणेकडे निपाणी आणि कागल ही गावे जवळजवळ असून त्यांच्या दरम्यान राज्यसीमा आहे. कर्नाटकात एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रु. च्या खालच्या पगारावर व्यवसाय कर नाही. निपाणीत राहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत दरमहा १५,००० रु. वर काम करणारा मराठी कामगार महाराष्ट्राला वर्षाला २,५०० रु. देतो, त्याच पगाराची नोकरी त्याने निपाणीत केली असती, तर त्याला हा कर लागला नसता. रक्कम मोठी नाही, पण ती गरिबाच्या पगारातून जाते आणि ज्या राज्याला ती मिळते, त्या राज्यात त्याला मत नसते. अमेरिकेतील वजावटीसारखी किंवा परस्पर करारासारखी व्यवस्था येथे नाही. कराची रक्कम इतकी थोडी ठेवली गेली, की तशी व्यवस्था करण्याची निकड कोणाला वाटली नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली : राज्यसीमेवरचा हा प्रश्न महानगराच्या पोटात वेगळ्या रूपाने दिसतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून राहण्याचे गाव व कमाईचे शहर ह्यांची फारकत ह्या पट्ट्यात वाढत गेली. बृहन्मुंबईची हद्द १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत आली व तेथेच थांबली. पुढचे स्थानक ठाणे हे वेगळ्या नगरपालिकेत व वेगळ्या जिल्ह्यात राहिले. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका, जिचे नाव पुढे कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाले, १९८३ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८.४ लाख व कल्याण-डोंबिवलीची सु. १२.५ लाख होती.

येथून मुंबईला जाणारा नोकरदार राज्याची सीमा ओलांडीत नसल्याने व्यवसाय करात त्याला काही फरक पडत नाही. दीर्घकाळ ह्या हद्दीवर कर बसे तो मालावर. मुलुंडच्या नाक्यावर मालमोटारी जकातीसाठी रांगेत उभ्या असत आणि शेजारून माणसांनी भरलेल्या गाड्या बिनबोभाट जात. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली.

मात्र एका बाबतीत माणसाच्या बिऱ्हाडाचा पत्ता प्राप्तिकरातही मोजला गेला. १९६१ च्या अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांत घरभाडे भत्त्यावरील सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी असे : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यातून पगाराचा दहावा भाग वजा जाता उरणारी रक्कम, आणि घर मुंबई, कलकत्ता, दिल्ली वा मद्रास येथे असल्यास पगाराच्या ५० टक्के, अन्यत्र ४० टक्के. येथे कचेरी कोठे आहे हे पाहिले जात नसे, भाड्याचे घर कोठे आहे हेच पाहिले जाई. व्यवहारात ठाणे, कल्याण, डोंबिवली ही गावे ‘अन्यत्र’ ह्या सदरात धरली जात. समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून पगार दरमहा ६०,००० रु., घरभाडे भत्ता २७,००० रु. व भाडे ३४,००० रु. आहे. घर मुलुंडला असेल, तर भत्ता पुरा २७,००० रु. करमुक्त होई. खाडीकडे एक स्थानक पुढे, ठाण्यास तेच घर घेतले, तर ४० टक्क्यांची मर्यादा आड येऊन २४,००० रु. च करमुक्त होत. वर्षाचे ३६,००० रु. करपात्र उत्पन्नात जात. डोंबिवलीत १८,००० रु. भाड्याने राहणाऱ्याला मात्र ह्या भेदाची झळ लागत नसे, कारण त्याची सूट भाड्याच्या हिशोबाने आधीच १२,००० रु. वर थांबे. म्हणजे ह्या नियमाची तक्रार जेवढी ऐकू येई, तेवढ्या लोकांचे नुकसान त्याने होत नव्हते. ज्यांनी नवी करपद्धती स्वीकारली, त्यांच्या दृष्टीने तर ही सूटच उरली नाही.

विसंगती अशी, की भत्ता देताना शासन वेगळा नकाशा वापरते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग जनगणनेतील नागरी समूहांवरून ठरविलेले आहेत आणि बृहन्मुंबई नागरी समूहात ठाणे व कल्याण-डोंबिवली येतात. त्यामुळे डोंबिवलीत नेमणूक असलेल्या कर्मचाऱ्याला मुंबईच्याच, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाच्या दराने भत्ता मिळतो (जानेवारी २०२४ पासून मूळ वेतनाच्या ३० टक्के). भत्त्यापुरते डोंबिवली मुंबईत, सुटीपुरते मुंबईबाहेर, असा हा प्रकार होता.

कराच्या पैशाचे वाटप : करदात्याच्या खिशाच्या दृष्टीने पाहिले, तर भारतात करनिवास जवळजवळ अप्रस्तुत आहे. शासनांच्या तिजोऱ्यांच्या दृष्टीने तो कधीच अप्रस्तुत नव्हता. संघाने गोळा केलेल्या प्राप्तिकरात राज्यांचा वाटा असतो. तो राज्याराज्यांत कसा वाटावा, ह्यावर मुंबई राज्याचे व पुढे महाराष्ट्राचे म्हणणे सातत्याने एक होते : कर जेथून येतो, तेथे तो काही प्रमाणात परत यावा. १९३६ च्या निमायर निवाड्यात प्रांतांचे हिस्से काही अंशी करदात्यांच्या निवासावर व काही अंशी लोकसंख्येवर आधारलेले होते आणि मुंबई व बंगाल ह्यांना प्रत्येकी २० टक्के मिळाले. स्वातंत्र्यानंतर पहिल्या वित्त आयोगाने निवासाऐवजी वसुलीची कसोटी घेऊन तिला २० टक्के व लोकसंख्येला ८० टक्के वजन दिले. दुसऱ्या आयोगाने वसुलीचे वजन १० टक्क्यांवर आणले. तिसऱ्या व चौथ्याने ते पुन्हा २० केले. पाचव्यापासून ते १० वर स्थिरावले आणि दहाव्या आयोगाने ते काढूनच टाकले. ऐंशीव्या घटनादुरुस्तीने (२०००) राज्यांचा वाटा केवळ प्राप्तिकरातून न देता सर्व केंद्रीय करांच्या एकत्रित निधीतून देण्याची व्यवस्था झाली. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ ह्या काळासाठी राज्यांचा एकूण वाटा ४१ टक्के व त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरविला. देशातील प्रत्यक्ष करांच्या वसुलीत महाराष्ट्राचा भाग एक तृतीयांशाहून अधिक आहे. [⟶ वित्त आयोग].

हे दोन आकडे शेजारी ठेवून अन्यायाचा निष्कर्ष काढण्याची सवय आहे. तो जपून काढला पाहिजे. वसुलीचे ठिकाण म्हणजे उत्पन्नाचे ठिकाण नव्हे. ज्या कंपनीचे मुख्यालय मुंबईत व कारखाना झारखंडात आहे, तिचा कर मुंबईच्या खात्यावर दिसतो. पगारावरील उगमस्थानी कापलेला करही मालकाच्या क्रमांकाखाली, बहुधा त्याच्या मुख्य कचेरीच्या गावी जमा होतो. मुंबईच्या वसुलीत धनबादच्या घामाचा भाग आहे, तसा डोंबिवलीकराच्या घामाचाही आहे. जो युक्तिवाद महाराष्ट्राने दिल्लीपुढे केला, तोच ठाणे किंवा कल्याणने मुंबईपुढे करावयाचा म्हटला, तर त्याला उत्तर देणे अवघड जाईल.

कारण ह्या रहिवाशी शहरांच्या वाट्याला प्राप्तिकर व व्यवसाय कर ह्यांतले थेट काहीच येत नाही. नळाचे पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ते, प्राथमिक शाळा, दवाखाने हा सर्व खर्च मनुष्य जेथे राहतो तेथील महानगरपालिकेला करावा लागतो. तिच्या हाती स्वतःचा असा मुख्यतः मालमत्ता कर व पाणीपट्टी राहते. जकात आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेल्यावर २०१७ च्या राज्य अधिनियमानुसार महानगरपालिकांना नुकसानभरपाई मिळू लागली. ती २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने ठरविण्यात आली. ज्या शहरात बाजारपेठ व कारखाने मोठे, त्याचा पाया मोठा. रात्री मुक्कामाला येणाऱ्यांचे जे शहर आहे, त्याचा पाया लहान, मग त्याची लोकसंख्या कितीही वाढो. व्यवसाय कर मुळात स्थानिक संस्थांनाही घेता यावा, अशी २७६ व्या अनुच्छेदाची रचना आहे. केरळ व तमिळनाडू ह्या राज्यांत तो स्थानिक संस्थाच घेतात. तसे महाराष्ट्रात केले, तरी कर कामाच्या ठिकाणी बसत असल्याने त्याचा लाभ मुंबईलाच होईल, डोंबिवलीला नव्हे. निवासाच्या ठिकाणी काही भाग वळवावयाचा असेल, तर कराच्या रचनेतच निवासाची नोंद आणावी लागेल, आणि ती आज नाही.

घरून काम : २०२० च्या साथीनंतर कामाचे ठिकाण हीच कसोटी डळमळीत झाली. बंगळूरच्या कंपनीचा पगारदार डोंबिवलीत घरी बसून काम करतो, तेव्हा त्याची नोकरी कोणत्या राज्यात आहे? १९७५ चा अधिनियम झाला तेव्हा हा प्रश्न कोणाच्या कल्पनेतही नव्हता. कर कापणारा मालक आपली नोंदणी ज्या राज्यात आहे तेथील दर लावण्याकडे स्वाभाविकपणे झुकतो. तर ‘राज्यात नोकरी करणे’ ह्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर काम प्रत्यक्ष जेथे होते ते राज्य हक्क सांगू शकते. अमेरिकेत हाच वाद न्यायालयापर्यंत गेला. मॅसॅच्यूसेट्स राज्याने साथीच्या काळात घरी बसून काम करणाऱ्या न्यू हॅम्पशरच्या रहिवाशांकडून पूर्ववत कर घेणे चालू ठेवले, तेव्हा न्यू हॅम्पशरने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करण्याची परवानगी मागितली. जून २०२१ मध्ये ती नाकारण्यात आली. न्यूयॉर्क राज्य तर, कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी बाहेर राहून काम करीत असेल, तर ते दिवसही न्यूयॉर्कमधलेच धरते आणि त्याला उत्तर म्हणून न्यू जर्सीने २०२३ मध्ये तसाच नियम आपल्या बाजूने केला.

भारतात हा वाद त्या थराला गेलेला नाही, कारण पणाला लागलेली रक्कम वर्षाला २,५०० रु. पेक्षा अधिक असू शकत नाही. वित्त आयोगांनी सुचविल्याप्रमाणे मर्यादा वाढली, तर दोन राज्यांच्या दरांतील अंतर निपाणीच्या कामगाराला, घोलवडच्या स्त्रीला आणि घरी बसून परराज्यातील कंपनीचे काम करणाऱ्या डोंबिवलीकराला एकाच वेळी जाणवू लागेल आणि आजवर अनावश्यक वाटलेले वजावटीचे व परस्पर करारांचे नियम येथेही करावे लागतील.